अर्ध्या दाढीची नजीर

"पट्टी नाही," अप्पा म्हणाले आणि पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "म्हणजे नजीर जिवंत आहे. बहस लिहायला घे."

मी पान पाहिलं. पट्टी खरंच नव्हती. मला नेमकी त्याचीच काळजी वाटली.

हे तुळजापूरच्या वकीलखान्यातलं बोलणं. वकीलखाना म्हणजे मुन्सिफाच्या, म्हणजे तालुक्याच्या न्यायाधीशाच्या, अदालतीला लागून असलेली एक खोली, तिच्यात एक कपाट आणि कपाटात हैदराबादहून येणारे निकालांचे खंड. राज्य निजामाचं होतं. जगात दुसरी मोठी लढाई चालू होती. अप्पा म्हणजे बसवंतप्पा वकील, माझे सीनियर. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि अदालतीत उर्दू बोलत. मला 'तम्मा' म्हणत. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पगारही धाकट्या भावाला देतात तितकाच देत.

नजीर म्हणजे काय, ते आधी सांगतो. वरच्या अदालतीनं एखाद्या प्रश्नावर निकाल दिला की पुढं तसाच प्रश्न आला तर खालच्या अदालतीनं तो निकाल मानायचा असतो. तो निकाल म्हणजे नजीर. पुढं वरच्या अदालतीचं मत बदललं तर जुनी नजीर मन्सूख होते, म्हणजे रद्द होते. पण पुस्तकात ती होती तशीच छापलेली राहते. आपण मेलो हे छापलेलं पान कधी सांगत नाही. ते वकिलानं शोधायचं असतं.

आमच्याकडं शोधण्याची एक रीत होती. भर अदालतीत नजीर मन्सूख निघून ज्याचा खटला बुडेल, त्या वकिलानं परत येऊन त्या पानावर लाल पतंगी कागदाची पट्टी डकवायची. पुढच्याला ठेच लागू नये, हा हेतू. ही रीत ज्यानं घातली त्यानं हरलेला वकील कधी पाहिला नसावा. हरलेला वकील त्या दिवशी खळ शोधत बसत नाही. तो मुन्सिफाला शिव्या घालत घरी जातो.

शिवाय तुळजापुरात त्या नजिरीवर कुणी हरलाच नसेल, तर पट्टी लावणार कोण? पट्टी नाही याचा अर्थ नजीर जिवंत आहे असा होत नव्हता. आपल्या गावात तिच्यावरून अजून कुणी आपटलेलं नाही, एवढाच होत होता. पहिला आपटणारा मी असू शकत होतो. म्हणजे खरं तर हलीमाबी.

हलीमाबी आमची मुवक्किल, म्हणजे अशील. अणदूरची रंगारीण. नवरा वारल्यावर भट्टी तीच चालवायची. पटके, लुगडी, खंडोबाच्या जत्रेसाठी पिवळी फडकी, सगळं तिच्याकडं रंगायला यायचं. दोन्ही हात कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे असत. रंगाऱ्याला पाणी लागतं, आणि तिचं पाणी शेजारच्या करीमभाईच्या परड्यातल्या विहिरीचं. ते पाणी ओढायचा हक्क तिच्या सासऱ्यापासूनचा. करीमभाई सोलापूरला गिरणीत लागला आणि जाता जाता परडं विहिरीसकट विकून गेला. घेणारे होते आबकारी खात्यातून पेन्शनवर आलेले एक दारोगासाहेब. त्यांना विहिरीभोवती भिंत घालून आत बाग करायची होती. पाण्यावरचा तिचा हक्क त्यांना मान्य नव्हता. बाग झाली की भट्टी बंद, इतका हा साधा हिशेब होता.

यावर मुसलमानी कायद्यात उपाय आहे, शुफा. जागेच्या पाण्यावर किंवा वाटेवर ज्या शेजाऱ्याचा हक्क आहे, त्याला ती जागा परक्याआधी घेता येते. परक्यानं दिली तीच किंमत द्यायची आणि जागा आपल्याकडं वळवायची. किमतीची सोय हलीमाबीच्या भावानं केली होती. पण शुफ्याला एक जहाल अट आहे. विक्रीची खबर कानावर पडताच, त्याच क्षणी, "मी माझा हक्क मागते" असं तोंडानं म्हणावं लागतं. मग साक्षीदारांसमोर पुन्हा म्हणायचं. पहिलं म्हणणं रेंगाळलं तर हक्क बुडाला.

हलीमाबीचं रेंगाळलं होतं.

खबर आणली मौलाभाई गवंड्यानं. दारोगासाहेबांनी त्याला भिंतीचा अंदाज काढायला बोलावलं होतं. तो आधी हलीमाबीच्या दारात थांबला आणि म्हणाला, विहीर विकली गेली. त्या वेळी तिच्या कढईत तामलवाडीच्या एका नवरदेवाचा पटका उकळत होता. तिनं काठीनं पटका वर काढला. पिळला. दोरीवर पसरला. आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हक्क मागितला.

अप्पांनी तिला पहिल्याच भेटीत सुचवून पाहिलं होतं.

"बाई, आधी हक्क मागितला आणि मग पटका काढला, असं नव्हतं का झालं?"

"न्हाय वकीलसाब. आदी पटका."

"नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? पटका सोडून बोंब मारली असती तर रंग धरला असता व्हय? लढाईमुळं रंगाची पुडी मिळंना झालीय. नवरदेवानं काय डागाडागाचा पटका घालून बोहल्यावर उभं ऱ्हायचं?"

अप्पांनी मौलाभाईकडं पाहिलं. तो म्हणाला, "म्या शपथेवर जे बघितलं त्येच सांगनार. काढला, पिळला, पसरला." आणि त्यानं तसंच सांगितलं. अदालतीत हातवारे करून सांगितलं.

म्हणून सगळा भार नजिरीवर आला. ती नजीर अशी होती. कुठल्याशा तालुक्यात एक गृहस्थ न्हाव्यापुढं बसले होते. अर्धी दाढी झाली असताना शेजारचं घर विकल्याची खबर आली. त्यांनी उरलेली अर्धी करून घेतली आणि मग हक्क मागितला. वरच्या अदालतीनं म्हटलं होतं की हातातलं काम पुरं करण्याइतका वेळ म्हणजे उशीर नव्हे. दाढी अर्धी चालत नाही, तसा पटकाही अर्धा चालत नाही, हे आमचं म्हणणं. अप्पा खूश होते.

मी कपाटासमोर बसलो. तपासायची खरी वाट एकच. नजिरीच्या सालापासून पुढचा प्रत्येक खंड घ्यायचा, मागची फेहरिस्त म्हणजे सूची उघडायची, शुफ्याखालचे सगळे निकाल वाचायचे आणि त्यात आपल्या नजिरीचं नाव येतं का ते पाहायचं. काम कंटाळ्याचं आहे. त्याला अक्कल लागत नाही, बूड लागतं. एकेक खंड पाहत आलो. कुठं नाव नाही, कुठं नुसता उल्लेख. अलीकडं आलो तर फळीवर एक खंड कमी.

चौकशी केली. खंड नरहररावांकडं होता. नरहरराव म्हणजे दारोगासाहेबांचे वकील.

मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"नरहरराव, तो खंड हवा होता."

"कोणता?"

मी साल सांगितलं.

"तो होय? बाइंडिंगला दिलाय. पार खिळखिळा झाला होता."

"कुणाकडं दिलाय?"

"सोलापूरला."

"कधी मिळेल?"

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "आपल्या खटल्यानंतर मिळेल. तुम्ही तरुण लोक फार वाचता बुवा."

मी परत आलो. नजीर मेलेली आहे हे मला तिथंच कळलं होतं. फक्त कुणी मारली आणि कशी मारली, ते कळायचं होतं.

"हैदराबादला जाऊन येतो," मी अप्पांना म्हणालो.

"कशाला? पट्टी तर नाही."

"खंडच नाही अप्पा."

अप्पांनी डोळे मिटले. "अय्यो," ते म्हणाले आणि भाड्याचे पैसे दिले.

तुळजापूरहून सोलापूरला कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार होती. चढ आला की प्रवासी उतरून चालत. सोलापूर इंग्रजांचं. म्हणजे निजामाच्या जिल्ह्यातून निजामाच्या राजधानीला जायला इंग्रजांच्या हद्दीतून रेल्वे पकडायची. शाळेत असताना याच वाटेनं उलट्या दिशेला आलेली पत्रकं वाचून मी मोठा झालो. या राज्याचा एकही कायदा खरा नाही, असं त्यांत छापलेलं असे. मला ते पटलेलं होतं आणि आता मी त्याच राज्याचा कायदा खरा आहे का, ते तपासायला अप्पांच्या पैशानं निघालो होतो. पण हलीमाबीला विहीर याच राज्यात हवी होती, आणि लगेच हवी होती.

हायकोर्टाच्या लायब्ररीत तो खंड होता. बाइंडिंग शाबूत. फेहरिस्तीत शुफ्याखाली आमच्या दाढीवाल्या गृहस्थांचं नाव सापडलं. फुल बेंच बसलं होतं. फुल बेंच म्हणजे एकदोन न्यायाधीशांच्या मताबद्दल शंका आली की त्यावर मोठं मंडळ बसतं ते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: अर्ध्या दाढीनं बाहेर यायला लाज वाटेल, पण लाज म्हणजे नुकसान नव्हे. स्वतःच्या सोयीसाठी घेतलेला वेळ हा उशीरच. जुनी नजीर मन्सूख.

माझ्यासारखेच पुष्कळ वकील इथं पुस्तक मिटतात. हवं ते कळलेलं असतं. मीही मिटणार होतो. पण इतक्या लांब आलो होतो आणि परतीची गाडी संध्याकाळची होती. म्हणून पुढं वाचलं. निकालाच्या शेवटाकडं बेंचनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. माणसाच्या हाती दुसऱ्याची वस्तू सोपवलेली असेल आणि ती टाकून दिल्यानं नासणार असेल, तर ती वाचवायला जितका वेळ लागतो तितका उशीर धरू नये. मात्र जितका लागतो तितकाच. वस्तू खरोखर नासते का, हे त्या त्या खटल्यात सिद्ध करावं.

मी तो निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उतरवून घेतला.

परतताना तामलवाडीपाशी करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, मोटार थांबली. सोलापूरकडून येणाऱ्या तरुण माणसाच्या पिशवीत पत्रकं असतात, असा तिथल्या शिपायाचा अनुभव होता. तो चुकीचा नव्हता. त्यानं माझे कागद काढले आणि उर्दू लावत थोडे वाचले.

"इथं लिवलंय मन्सूख. काय मन्सूख झालं?"

"अदालतीचा हुकूम."

"कुनी केला?"

"अदालतीनंच."

"अदालतीनं अदालतीचा हुकूम रद्द केला?"

"होय."

त्यानं जरा विचार केला. "आन् कुनाला धरलं न्हाय?"

"नाही."

"मग जाऊ द्या," असं म्हणून त्यानं कागद परत दिले.

अप्पांनी निकाल दोनदा वाचला. "ठीक आहे," ते म्हणाले. "मेली तर मेली. आपण दाढीची नजीरच वाचायची. नरहररावानं खंड काढला तर बघू."

"तो काढणारच. त्यासाठीच तर दाबून ठेवलाय."

"कदाचित विसरेल."

"अप्पा, मेलेली नजीर जिवंत म्हणून वाचायची?"

"तम्मा, वकील मुवक्किलाचा असतो."

"अदालतीला खोटं सांगायला मुवक्किलानं कुठं सांगितलंय? ती तर स्वतःच्या फायद्यासाठीही खोटं बोलली नाही. आपण फीसाठी बोलायचं?"

मी जरा मोठ्यानं बोललो असेन. बाहेरच्या बाकावर हलीमाबी बसली होती. ती दारात आली.

"काय मेलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. दाढीची नजीर मेली, पण मरताना थोडं ठेवून गेली. पटका दुसऱ्याचा होता ही चांगली गोष्ट. तो टाकला असता तर नासला असता, हे आता दाखवावं लागेल.

"त्ये तर शेंबडं पोरबी सांगंल."

"अदालतीत शेंबडं पोर चालत नाही."

तिनं अप्पांकडं पाहिलं. "वकीलसाब, जे हाय ते सांगून टाका. हरले तर माझी हीर जाईल, तुमची न्हाय."

अप्पांनी उतरवलेला निकाल माझ्यापुढं सरकवला. मग मला म्हणाले, "तू बोल. मला मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलता येत नाही."

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी मी उभा राहिलो. मुन्सिफसाहेब हैदराबादचे. पान फार, बोलणं कमी. ते उर्दूत बोलत, मी इथं मराठीत देतो.

"हुजूर, आमच्या बाजूनं एक नजीर होती. ती मन्सूख झालेली आहे."

मुन्सिफसाहेबांनी मान वर केली. आपल्याच बाजूची नजीर मेल्याचं सांगायला उठलेला वकील त्यांनी पाहिला नसावा. नरहररावांचा हात पिशवीत होता. खंड अर्धा बाहेर आला होता. बाइंडिंग काही झालेलं दिसत नव्हतं. त्यांची सगळी बहस त्या खंडात होती आणि ती मीच करून टाकली होती. त्यांनी खंड पुन्हा आत ढकलायला सुरुवात केली.

"राहू द्या बाहेर," मुन्सिफसाहेब म्हणाले. "या तरुण वकिलांना शेवटचं पान वाचायचं असेल."

मी शेवटचं पान वाचलं. नरहरराव तसे हुशार, लगेच सावरले. "हुजूर, पटका दुसऱ्याचा होता हे कबूल. पण तो कढईत चार शब्द बोलण्यापुरता राहिला असता तर काय बिघडलं असतं? काढला तोही एक वेळ सोडा. पिळला! वर निवांत वाळत घातला! डाग पडतात ही वकिलांची कल्पना आहे."

"पडत नाहीत?" मुन्सिफसाहेबांनी विचारलं.

"मुळीच नाही."

"मग मौका पाहू."

मौका मुआयना म्हणजे अदालत स्वतः जागेवर जाऊन पाहते ते. ठरल्या दिवशी मुन्सिफसाहेब, त्यांचा लिहिणारा कारकून, दोन्ही पक्ष आणि निम्मं अणदूर हलीमाबीच्या अंगणात जमलं. कढईत गुलाबी रंग उकळत होता. प्रश्न आला कापडाचा. कापड तेव्हा रेशनवर. सगळे आपापल्या पागोट्याला हात लावून उभे.

"आमच्या मुवक्किलाचा साफा घ्या," नरहरराव म्हणाले.

दारोगासाहेबांनी चमकून पाहिलं. साफा पांढराशुभ्र होता, मलमलीचा.

"डाग पडत नाही असंच आपलं म्हणणं आहे," नरहररावांनी त्यांना हळूच आठवण दिली. दारोगासाहेबांनी साफा उतरवून दिला.

साफा कढईत गेला. हलीमाबी काठीनं हलवू लागली. मुन्सिफसाहेबांच्या सांगण्यावरून मौलाभाई फाटकाबाहेर जाऊन परत आत आला आणि त्या दिवशीसारखीच खबर दिली. आज लोक जमलेले, म्हणून जास्तच मोठ्यानं दिली. "हलीमाबी! हीर इकली गेली!"

हलीमाबीनं तिथंच काठी सोडली. कायदा सांगतो तशी. सरळ उभी राहून तिनं हक्क मागितला. मग दोन साक्षीदारांना नावानं हाक मारली. ते गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्यासमोर तिनं घर कुठलं, परडं कुठलं, विहीर कुठली, पाण्याचा हक्क कुणापासूनचा, हे सगळं पुन्हा म्हटलं. एक शब्द गाळला नाही. मागं कढई रटरटत होती. साफ्याचं एक टोक फुगून वर आलं होतं आणि एका बाजूनं गडद गुलाबी होत चाललं होतं.

"अहो, तो साफा काढा आधी!" दारोगासाहेब ओरडले.



"लिहा," मुन्सिफसाहेब कारकुनाला म्हणाले.

नरहररावांनी दारोगासाहेबांचा अंगरखा ओढला, पण आता उशीर झाला होता. हलीमाबीनं मुन्सिफसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिनं साफा काठीनं उचलला, पिळला आणि पाटावर गोळा करून ठेवला. मग ती पुन्हा साक्षीदारांकडं वळली.

"असा गोळा काय ठेवता? पसरा की!" दारोगासाहेब पुन्हा बोलून गेले. "वळ्या पडतील त्याला!"

"तेही लिहा," मुन्सिफसाहेब म्हणाले आणि पान थुंकायला बाजूला गेले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. दारोगासाहेबांनी अपील केलं. वरच्या अदालतीनं मुआयन्याचा कागद वाचला आणि अपील फेटाळलं. परडं आणि विहीर हलीमाबीच्या नावावर झाली. भिंत झाली नाही. मौलाभाईची मजुरी बुडाली, ती त्यानं मला पुढं कित्येकदा ऐकवली.

डागाडागाचा साफा घेऊन दारोगासाहेबांचा नोकर काही दिवसांनी हलीमाबीच्या दारात आला. तिनं तो गडद किरमिजी रंगवून दिला. नोकरानं रंगणावळ विचारली.

"रंगाचे द्या," ती म्हणाली. "पानी माझंच हाय."

लाल पट्टी कोण लावणार यावरून वकीलखान्यात वाद झाला. रीतीप्रमाणं हरलेल्यानं लावायची. नरहरराव म्हणाले, मी त्या नजिरीवर हरलो नाही, साफ्यावर हरलो. तेव्हा खळ मीच केली आणि पट्टी डकवली. जिंकलेल्या वकिलानं लावलेली ती आमच्या कपाटातली पहिली पट्टी. फुल बेंचच्या निकालाचा खंड आणि पान त्यावर लिहिलं, आणि खाली लिहिलं की मारणारा निकालही शेवटपर्यंत वाचावा. खंड परत आला होता. अजूनही खिळखिळाच होता.

पुढं निजामी गेली. त्या आठवड्यात माझ्यासारखाच पत्रकांवर वाढलेला एक तरुण वकील हातात लाल कागदाचा अख्खा ताव घेऊन वकीलखान्यात आला आणि म्हणाला, "आता सगळ्या कपाटालाच पट्टी लावून टाकू."

कल्पना मला मनापासून आवडली. तरी मी ताव त्याच्या हातातून घेतला आणि पहिला खंड त्याच्यापुढं ठेवला.

"लावू," मी म्हणालो. "आधी तपासू."